जुना ट्रक कधी बदलावा? मालवाहतूकदारांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका गाडीपासून वीस-पंचवीस गाड्यांपर्यंतचा व्यवसाय असलेल्या महाराष्ट्रातील मालकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. काही आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत आणि त्या त्या ठिकाणी तसे स्पष्ट म्हटले आहे. आपल्या वहीतील आकडे घालून प्रत्येकाने हिशेब नव्याने मांडावा, कारण शेजाऱ्याच्या गाडीचे उत्तर आपल्या गाडीला लागू पडेलच असे नाही.

१. ट्रक किती वर्षांनी बदलावा? एकच आकडा सांगता येईल का?

सर्वांना लागू पडेल असा आकडा नाही. उरणच्या बंदरातून उत्तर भारतात कंटेनर नेणारा ट्रेलर वर्षाला लाखभर किलोमीटर धावू शकतो, तर कोल्हापूर-सांगली भागात गळीत हंगामात ऊस ओढणारा आणि एरवी बराचसा उभाच असणारा ट्रक त्याच्या पाव भागही धावत नाही. या दोन गाड्या एकाच वर्षी घेतल्या असल्या, तरी त्यांचे आयुष्य एका मापाने मोजता येत नाही. लांब पल्ल्याच्या दहा चाकी आणि बारा चाकी गाड्यांच्या ज्या वह्या मी पाहिल्या, त्यांत बदलण्याची योग्य वेळ बहुधा सहाव्या ते नवव्या वर्षाच्या दरम्यान आलेली दिसते. मात्र हे निरीक्षण आहे, नियम नव्हे. नियम हिशेबातून निघतो आणि तो पुढच्या उत्तरात आहे.

२. मग हिशेब नेमका कसा मांडायचा?

दर वर्षाच्या शेवटी दोन रकमा लिहाव्यात. त्या वर्षात गाडीची बाजारातील किंमत किती घसरली ही पहिली, आणि देखभाल-दुरुस्तीवर व गाडी उभी राहिल्यामुळे किती गेले ही दुसरी. पहिली रक्कम सुरुवातीला मोठी असते आणि वर्षागणिक कमी होत जाते, दुसरी मात्र वाढत जाते. दोन्हींची बेरीज करावी, घेतल्यापासूनच्या सर्व वर्षांच्या बेरजा एकत्र कराव्यात आणि त्यांना वर्षांच्या संख्येने भागावे. जी सरासरी येईल ती आधी उतरते, एका ठिकाणी तळाला टेकते आणि मग पुन्हा चढू लागते.

उदाहरणादाखल, बॉडीसह ४० लाखांना पडलेला दहा चाकी ट्रक घेऊ. पहिल्या वर्षी त्याची किंमत ८ लाखांनी घसरली आणि देखभालीला ८० हजार लागले, म्हणजे त्या वर्षाचा भार ८.८ लाखांचा झाला. पुढच्या वर्षांचे भार अनुक्रमे ६.२, ५.६, ५.२, ५.३, ६.०, ६.२, ७.२ आणि ८.० लाख आले असे धरू. यांची सरासरी काढली, तर तिसऱ्या वर्षाअखेर ती सुमारे ६.८७ लाख, पाचव्या वर्षाअखेर ६.२२, सहाव्या वर्षाअखेर ६.१८, सातव्याला ६.१९, आठव्याला ६.३१ आणि नवव्याला ६.५० लाख येते. तळ सहाव्या-सातव्या वर्षात आहे. आठव्या वर्षाचा एकट्याचा भार ७.२ लाख आहे, आणि तो तोपर्यंतच्या सरासरीपेक्षा एक लाखाने जास्त आहे. येत्या वर्षाचा अंदाजित भार आजवरच्या सरासरीच्या वर जाऊ लागला, की गाडी बदलण्याचा काळ सुरू झाला असे समजावे.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि ती मला तळाच्या वर्षापेक्षाही महत्त्वाची वाटते. पाचव्यापासून आठव्या वर्षापर्यंत सरासरीत फारसा फरकच नाही. त्यामुळे सहावे वर्ष की सातवे, यावर घरात वाद घालण्याचे कारण नाही. त्या तीन-चार वर्षांच्या पट्ट्यात कोणत्या वेळी मोठे काम निघणार आहे, टायरचा संच कधी संपतो, परमिटची मुदत कधी येते आणि बाजारात जुन्या गाडीला भाव कधी आहे, हे पाहून दिवस निवडावा. सोयीसाठी या उदाहरणात गुंतलेल्या भांडवलावरचे व्याज धरलेले नाही. ते धरले तर नवी गाडी अधिक महाग पडते आणि जुनी थोडी जास्त काळ ठेवणे परवडते.

३. आमच्याकडे अशी वही नाही. कोणत्या नोंदी ठेवल्या तर पुरे?

प्रत्येक गाडीची वही स्वतंत्र असावी, ही पहिली अट आहे. बहुतेक ठिकाणी सर्व गाड्यांचा डिझेल आणि गॅरेजचा खर्च एकाच खात्यात जातो, आणि चांगल्या गाड्यांच्या कमाईखाली एखादी खर्चिक गाडी वर्षानुवर्षे झाकली जाते.

वहीत पाच गोष्टी पुरतात. प्रत्येक वेळी टाकी पूर्ण भरताना किलोमीटर आणि लिटर, प्रत्येक दुरुस्तीची तारीख, किलोमीटर व रक्कम, दोन ऑइल बदलांच्या मध्ये वरून घातलेले इंजिन ऑइल, टायरचे क्रमांक व ते कधी चढवले आणि रिट्रेड केले (झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवले) याची नोंद, आणि गाडी भाडे असूनही किती दिवस उभी राहिली ते. यांतील तिसरी नोंद सहसा कोणी ठेवत नाही, पण इंजिनाची तब्येत तीच सर्वांत आधी सांगते. एका मालकाच्या चालकाने केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने रेघा ओढून ठेवल्या होत्या, एक रेघ म्हणजे वरून घातलेले एक लिटर ऑइल. आधीच्या वर्षी दोन बदलांमध्ये तीन रेघा असत, त्या वर्षी अकरा झाल्या. गाडी ओढायला तेव्हाही चांगली होती. पण तो मालक त्या रेघा पाहूनच गॅरेजला गेला, आणि इंजिन वाटेत बसण्याआधी गाडी विकायची की इंजिन बांधायचे (उघडून पूर्ण दुरुस्त करायचे) हे त्याला निवांतपणे ठरवता आले.

४. नव्या गाडीचा हप्ता महिना ६८ हजार आणि जुनीची दुरुस्ती महिना ४० हजार. मग जुनीच परवडते ना?

ही तुलना जवळजवळ प्रत्येक जण करतो, पण ती चुकीची आहे. ३२ लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ६८ हजार बसतो हे खरे. मात्र पहिल्या वर्षी भरलेल्या ८.१६ लाखांपैकी साधारण ५.२ लाख मुद्दल असते आणि व्याज ३ लाखांच्या आसपास असते. मुद्दल हा खर्च नव्हे. त्याच्या बदल्यात गाडीची मालकी आपल्याकडे येते आणि विकताना त्यातील काही भाग परत मिळतो. म्हणून नव्या बाजूला सरासरी किंमतघट, सरासरी व्याज आणि नव्या गाडीची थोडी देखभाल मांडावी, तर जुन्या बाजूला येत्या वर्षीची किंमतघट, दुरुस्ती आणि उभ्या दिवसांचे नुकसान (प्रश्न ५) मांडावे.

तरीही हप्ता हा वेगळा आणि खरा प्रश्न आहे, तो दुर्लक्षून चालत नाही. गाडी बदलणे फायद्याचे आहे का हा एक प्रश्न, आणि दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला तेवढी रोकड हातात असेल का हा दुसरा. पहिल्याचे उत्तर होकारार्थी आणि दुसऱ्याचे नकारार्थी असेल, तर थांबावे किंवा चार-पाच वर्षे वापरलेली चांगली गाडी पाहावी. भाड्याचे पैसे साठ-नव्वद दिवसांनी हातात येणाऱ्या धंद्यात हा दुसरा प्रश्नच बहुधा निर्णायक ठरतो.

५. गाडी उभी राहिल्याचे नुकसान कसे मोजायचे?

चुकलेल्या भाड्यातून वाचलेले डिझेल, टोल आणि वाटखर्च वजा करावा. उरेल ते नुकसान. समजा महिन्याला ३ लाखांचे भाडे होते आणि त्यात डिझेल-टोल-वाटखर्च १.९ लाखांचा आहे, तर १.१ लाख उरतात. पंचवीस कामाचे दिवस धरले, तर एका उभ्या दिवसाचे ४,४०० रुपये होतात. चालकाचा पगार, विमा आणि कर त्या दिवशीही चालूच असतात, म्हणून ते यातून वजा करायचे नाहीत.

गाडी मालासकट बंद पडली तर हिशेब आणखी बिघडतो. दुसरी गाडी बोलावून माल तिच्यात हलवावा लागतो, हमाली दोनदा द्यावी लागते, आणि कांदा, द्राक्षे किंवा भाजी असेल तर मालाची भरपाईही अंगावर येते. पिंपळगाव-लासलगावकडून परराज्यात कांदा नेणाऱ्या गाडीचा एक बिघाड आणि सिमेंट नेणाऱ्या गाडीचा तसाच बिघाड, यांची किंमत एक नसते. नाशवंत माल नेणाऱ्यांनी गाडी इतरांपेक्षा एक-दोन वर्षे आधी बदलावी असे माझे मत आहे. जुनी गाडी भरवसा लागणाऱ्या मार्गावरून काढून जवळच्या, कमी जोखमीच्या कामाला लावणे हाही चांगला मधला मार्ग आहे.

६. गाडीचे वय पाहावे की किलोमीटर?

डिझेलच्या बाबतीत किलोमीटर. उदाहरणार्थ, जुनी गाडी लिटरला ३.६ किलोमीटर देते, नवी ४ देते आणि डिझेल ९० रुपये लिटर आहे असे धरू. वर्षाला ८० हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीत हा फरक सुमारे २,२०० लिटरचा, म्हणजे दोन लाख रुपयांचा होतो. तीच गाडी ३० हजार किलोमीटर धावत असेल, तर फरक ७५ हजारांवर येतो आणि तेवढ्यासाठी ४० लाख गुंतवणे शहाणपणाचे नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र वयच चालते (प्रश्न ८). गंज हा तिसरा प्रकार आहे आणि तो ना वयाला जुमानतो ना किलोमीटरला. रत्नागिरी किंवा मालवणहून मासळी नेणाऱ्या गाड्यांच्या बॉडीतून बर्फाचे खारट पाणी सतत चेसिसवर ठिबकत असते. वरून रंग चकचकीत असला, तरी कमानीच्या (स्प्रिंगच्या पाट्यांच्या) ब्रॅकेटजवळ आणि क्रॉस मेंबरच्या, म्हणजे चेसिसच्या आडव्या पट्ट्यांच्या, सांध्यांवर पत्रा पापुद्र्यांनी सुटू लागलेला असतो. अशा गाडीखाली टॉर्च घेऊन स्वतः जावे आणि हातोडीने हलके ठोकून पाहावे. चेसिसला चीर दिसली किंवा आधी वेल्डिंग केलेले आढळले, तर बाकी हिशेब बाजूला ठेवून ती गाडी जड कामावरून काढावी.

७. इंजिनचे काम निघाले आहे. ते करावे की गाडीच काढावी?

गॅरेजवाला अडीच लाख सांगतो आणि गाडीची किंमत आठ-नऊ लाख असते, तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या किती टक्के आहे, हा प्रश्न विचारू नये. त्या खर्चातून काय विकत मिळते, हे विचारावे. इंजिन पूर्ण बांधल्यावर गाडी आणखी तीन वर्षे भरवशाने धावणार असेल, तर अडीच लाख तीन वर्षांत वाटून वर्षाला ८३ हजार पडतात आणि तेवढे बहुधा परवडतात. पण त्याच बारा महिन्यांत गिअरबॉक्स, क्राउन-पिनियन (मागच्या चाकांना गती देणारे दातेरी चक्र) आणि दहा टायर यांचीही वेळ येणार असेल, तर ती सगळी यादी एका कागदावर मांडून बेरीज करावी, आणि निर्णय त्या बेरजेवर घ्यावा.

येथे सर्वांत जास्त पैसा एका वाक्याने बुडतो: ‘आत्ताच तर इंजिन केलंय, आता कशी काढू?’ माझ्या पाहण्यातील एका दहा चाकी गाडीचे फेब्रुवारीत इंजिन झाले. जूनमध्ये गिअरबॉक्स उतरला, तेव्हा मालकाने हेच वाक्य म्हटले आणि खर्च केला. दिवाळीच्या सुमारास कसारा घाटात हाउसिंगने (मागच्या आसाच्या कवचाने) दगा दिला, तेव्हाही हेच वाक्य होते. प्रत्येक खर्च मागच्या खर्चाला वाचवण्यासाठी होत गेला. जो पैसा गेला तो गेला. आज गाडी विकली तर काय येईल आणि ठेवली तर पुढे काय लागेल, एवढेच दोन आकडे निर्णयाला लागतात.

इंजिनचे अर्धवट काम करून गाडी लगेच विकण्याचा सल्ला काही जण देतात. घातलेला पैसा विक्रीत पूर्ण वसूल झालेला मी क्वचितच पाहिला आहे. विकायचीच असेल तर काम न करता, दोष सांगून, दर कमी करून विकावी.

८. कायद्याने ट्रकला वयोमर्यादा आहे का?

महाराष्ट्रात खासगी मालकाच्या ट्रकला १५ वर्षांनी सक्तीने भंगारात काढण्याचा नियम नाही. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील वाहनांची नोंदणी रद्द झाली, ती सरकारी वाहनांची. परंतु वय वाढेल तसे मार्ग अरुंद होत जातात, ते असे.

नॅशनल परमिट, म्हणजे परराज्यांत माल नेण्याचा परवाना, दोन एक्सलच्या (चाकांच्या दोन आसांच्या) ट्रकला १२ वर्षांपर्यंत आणि मल्टी-एक्सल, म्हणजे दोनपेक्षा जास्त एक्सलच्या, गाडीला १५ वर्षांपर्यंतच मिळते. ते संपले की गाडी राज्यातील कामापुरती उरते, आणि तिला विकत घेणारेही तेवढ्यापुरतेच उरतात. त्यामुळे किमतीत एकदम पायरी पडते. दोन एक्सलची गाडी परराज्यात चालवणाऱ्यांनी बाराव्या वर्षाची वाट न पाहता दहाव्या-अकराव्या वर्षीच विक्रीचा विचार करावा, म्हणजे घेणाऱ्यालाही परमिटची काही मुदत हाती लागते.

योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे आपले पासिंग, गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांचे मिळते आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. नोव्हेंबर २०२५ मधील दुरुस्तीनंतर चाचणीचे शुल्क १०, १५ आणि २० वर्षांच्या टप्प्यांनी वाढते, आणि २० वर्षांवरील जड मालवाहू गाडीला ते २५,००० रुपये आहे. शुल्कापेक्षाही पासिंगसाठी करावी लागणारी डागडुजी आणि त्यात जाणारे दिवस अधिक महाग पडतात. शिवाय राज्यात ८ वर्षे पूर्ण केलेल्या व्यावसायिक वाहनांना पर्यावरण कर आहे.

दिल्लीला माल नेणाऱ्यांसाठी वेगळी बाब आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीबाहेर नोंदलेल्या, बीएस-४ या प्रदूषण मानकापेक्षा जुन्या मालवाहू गाड्यांना तेथे प्रवेश नाही, आणि बीएस-४ गाड्यांना दिलेली मुभा ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. ज्यांचे नियमित भाडे दिल्लीचे आहे, त्यांच्यासाठी प्रश्न २ मधील हिशेबाच्या आधी ही तारीख येते.

९. जुनी दहा चाकी अजून चांगली आहे, पण नव्या गाडीत माल जास्त बसतो. हे कसे धरायचे?

हे नुकसान म्हणून वहीत लिहावे, कारण ते खरोखरच नुकसान आहे. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने एक्सल लोडची मर्यादा वाढवली. तीन एक्सलच्या, म्हणजे दहा चाकी, गाडीचे मालासह एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेले, आणि दोन एक्सलच्या गाडीचे १६.२ टनांवरून १८.५ टनांवर. आपल्या नोंदणी प्रमाणपत्रात जे वजन लिहिले आहे तेच आपल्यासाठी प्रमाण असते. ३.५ टनांचा फरक, टनाला २,००० रुपये भाडे आणि महिन्याला सहा खेपा असे उदाहरण धरले, तर महिन्याला ४२ हजारांचे भाडे हातचे जाते.

हा फरक जादा माल भरून काढण्याचा विचारही करू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट ही, की जुन्या ब्रेकवर जादा भार घेऊन बोरघाट किंवा कशेडी उतरणारा आपला चालक स्वतःचा आणि इतरांचा जीव पणाला लावत असतो.

१०. बीएस-६ गाड्यांची कटकट फार आहे असे ऐकतो. बीएस-४ सांभाळत राहावी का?

१ एप्रिल २०२० पासून नवीन ट्रक बीएस-६ च मिळतो, त्यामुळे ‘नवी घ्यावी पण बीएस-६ नको’ हा पर्याय उरलेला नाही. या गाड्यांना डिझेलशिवाय, वेगळ्या टाकीत, धूर स्वच्छ करणारे यूरिया द्रावण लागते, धुराच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि सेन्सर बिघडला तर संगणक जोडल्याशिवाय दोष सापडत नाही. सवलतीचे, भेसळीचे द्रावण घातल्याने होणारे नुकसान हजारांत नाही, लाखांत जाते. आपल्या मार्गावर प्रशिक्षित गॅरेज कुठे आहे हे गाडी घेण्यापूर्वी पाहावे, आणि वॉरंटी संपल्यानंतरच्या वार्षिक देखभाल कराराची किंमतही हिशेबात धरावी. सुस्थितीतील बीएस-४ गाडी राज्यातील कामाला असेल, तर केवळ मानक जुने म्हणून ती काढण्याची घाई नको.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड ट्रकना वातानुकूलित केबिन बंधनकारक आहे. चालक टिकत नाहीत अशी तक्रार असलेल्या मालकांनी याकडे खर्च म्हणून पाहू नये. चांगला चालक जुनी गाडी सोडून नव्या गाडीवर जातो, आणि त्याच्यामागे उरलेली गाडी नवख्या हातात लवकर खराब होते. हेही बदलण्याचे एक कारण आहे.

११. जुनी गाडी विकावी, विक्रेत्याला बदल्यात द्यावी, की भंगारात काढावी?

धावू शकणारी, परमिट व पासिंग असलेली गाडी थेट विकल्यास सर्वांत जास्त रक्कम मिळते. बदल्यात दिल्यास रक्कम कमी येते, पण गाडी विकली जाईपर्यंत ती उभी राहत नाही. विक्रेता जुन्या गाडीला जास्त भाव सांगून नव्या गाडीची सूट कमी करतो, म्हणून दोन्ही दर वेगवेगळ्या कागदावर मागावेत.

परमिट संपलेली आणि पासिंगसाठी मोठा खर्च मागणारी गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्यावी. केंद्र सरकारच्या धोरणात जुन्या वाहनाचे मूल्य नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के धरले आहे. तेथे ठेव प्रमाणपत्र (गाडी स्क्रॅपसाठी जमा केल्याचा दाखला) मिळते, आणि ते दाखवल्यास नव्या गाडीचे नोंदणी शुल्क माफ होते व वाहनकरात व्यावसायिक वाहनाला १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. साध्या भंगारवाल्याकडे दोन पैसे जास्त मिळतात म्हणून गाडी तोडली, आणि नोंदणी रद्द केली नाही, तर कर व दंड आपल्या नावावर चढत राहतात. शिवाय चेसिस क्रमांकाचा गैरवापर होण्याची भीती असते.

१२. गाडी विकली, पैसे मिळाले, पण घेणाऱ्याने नाव बदलले नाही. आता काय?

तातडीने पाठपुरावा करावा. परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक समजला जातो आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे. गाडी तीन हातांतून गेली असली तरी हेच लागू होते. म्हणून गाडीची किल्ली देण्याआधी मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज फिटले असल्यास नोंदणीवरील कर्जाची नोंद काढण्यासाठी वित्तसंस्थेचा फॉर्म ३५, आणि गाडी परराज्यात जाणार असल्यास ना हरकत दाखला, एवढे पूर्ण करावे. काही रक्कम नाव बदलेपर्यंत राखून ठेवण्याची पद्धत खरेदीदार वापरतात. विकणाऱ्यानेही अर्ज दाखल झाल्याची पावती हाती येईपर्यंत मूळ कागद सोडू नयेत.

१३. करांच्या दृष्टीने कोणती वेळ बरी?

केवळ करासाठी गाडी बदलू नये, पण बदलायचे ठरले असेल तर तारीख पाहावी. भाड्याने चालणाऱ्या ट्रकला आयकरात ३० टक्के घसारा (गाडीच्या झिजेपोटी उत्पन्नातून मिळणारी वजावट) मिळतो, आणि स्वतःच्याच मालासाठी वापरल्या जाणाऱ्या ट्रकला १५ टक्के. गाडी त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली, तर त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. मार्चमध्ये विक्रेते सूट देतात, तिच्याशी हा फरक ताडून पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुन्या गाड्यांच्या बाजारभावावरही याचा परिणाम होतो, म्हणून त्याआधीचा भाव मनात धरून बसू नये.

अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत (प्रत्यक्ष नफ्याऐवजी गाडीमागे ठरलेले उत्पन्न धरून) आयकर विवरण भरणाऱ्यांनी एक बारकावा लक्षात ठेवावा, कारण तो फार महागात पडतो. ही योजना वर्षात कोणत्याही वेळी दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसणाऱ्यांसाठीच आहे, आणि हप्त्यावरील गाडीही आपलीच धरली जाते. ज्याच्याकडे दहा गाड्या आहेत त्याने नवी आधी आणली आणि जुनी पंधरा दिवसांनी विकली, तर त्या पंधरा दिवसांत अकरा गाड्या होतात आणि ते पूर्ण वर्ष योजनेबाहेर जाते. अशा मालकाने आधी जुनीचे नाव बदलून घ्यावे आणि मगच नवी घ्यावी. जुनी गाडी विकताना लागणारा जीएसटी आपण नोंदणीकृत आहोत का आणि खरेदीच्या वेळी कराचे क्रेडिट घेतले होते का यावर ठरतो. त्यासाठी सनदी लेखापालाला खरेदीचे बिल दाखवावे.

१४. सर्व गाड्या एकदम बदलल्या तर सूट चांगली मिळते. तसे करावे का?

माझा सल्ला नाही असा आहे. एकाच वर्षी घेतलेल्या गाड्या एकाच वर्षी म्हाताऱ्या होतात, आणि त्यांचे हप्तेही एकाच वेळी चालू असतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा ज्यांच्या सर्व गाड्या नुकत्याच घेतलेल्या होत्या त्यांना हप्त्यांची मुदतवाढ मिळाली, पण व्याज चढतच राहिले. ज्यांच्याकडे निम्म्या गाड्या कर्जमुक्त होत्या, ते तग धरू शकले. बारा गाड्या आणि आठ वर्षांचे चक्र असेल, तर दरवर्षी एक किंवा दोन गाड्या बदलाव्यात. कोणती बदलायची ते वयावरून न ठरवता, वहीतील प्रतिकिलोमीटर खर्चावरून ठरवावे. बहुधा ती सर्वांत जुनी गाडी नसते.

१५. टँकर, टिपर, रेफ्रिजरेटेड व्हॅन यांना हाच हिशेब लागू होतो का?

अंशतः. अशा गाड्यांत चेसिस आणि वरचा साचा यांचे आयुष्य वेगवेगळे असते. चांगला स्टेनलेस स्टीलचा दूध टँकर एका चेसिसवरून उतरवून दुसऱ्यावर चढवता येतो. त्यासाठी परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते, आणि दोन्हींचे हिशेब वेगळे ठेवावे लागतात. खाणीत आणि खडी-क्रशरवर चालणारा टिपर किलोमीटरने कमी दिसतो, पण त्याचे इंजिन तासन्‌तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालते. त्याचे मोजमाप इंजिनाच्या तासांत करावे.

१६. अपघातात गाडीचे मोठे नुकसान झाले. दुरुस्त करावी का?

दुरुस्तीचा खर्च विमा घोषित मूल्याच्या (विमा उतरवताना धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांहून जास्त असेल, तर विमा कंपनी सहसा पूर्ण नुकसान धरते, आणि तेव्हा प्रश्न आपोआप सुटतो. अडचण ६० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान येते. अशा वेळी चेसिस सरळ आहे का हे मोजून घ्यावे. चेसिस वाकलेली असेल, तर सरळ केल्यावरही टायर एका बाजूने झिजत राहतात. जुन्या गाडीचा विमा उतरवताना हप्ता वाचवण्यासाठी मूल्य फार खाली धरणारे याच ठिकाणी अडकतात.

१७. इलेक्ट्रिक ट्रक येत आहेत. जुनी गाडी तोपर्यंत ओढावी का?

ठरलेल्या मार्गावर रोज ये-जा करणाऱ्या गाड्यांसाठी, उदाहरणार्थ चाकणच्या कारखान्यापासून गोदामापर्यंत, इलेक्ट्रिक ट्रकचा विचार आजच करता येतो. जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या केंद्राच्या योजनेत इलेक्ट्रिक ट्रकला जास्तीत जास्त ९.६ लाखांचे प्रोत्साहन आहे. त्यासाठी जुना ट्रक स्क्रॅप केल्याचे ठेव प्रमाणपत्र लागते (प्रश्न ११). रिटर्न भाडे कुठले मिळेल हे आदल्या रात्रीपर्यंत ठाऊक नसलेल्या गाड्यांनी चार्जिंगच्या भरवशावर थांबू नये. त्यांचा निर्णय डिझेल गाड्यांच्याच आकड्यांवर व्हावा.

१८. ही आमची पहिली गाडी. वडिलांनी घेतलेली. विकायला मन होत नाही.

हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी येतो आणि तो बाकीच्यांइतकाच खरा आहे. या गाडीवर घर उभे राहिले, बहिणींची लग्ने झाली, दसऱ्याला दरवर्षी तिलाच पहिला हार पडला. ती ठेवायचीच असेल तर ठेवावी, पण धंद्याच्या हिशेबात धरू नये. तिचा खर्च घरखर्चात लिहावा, लांबचे भाडे तिला लावू नये, आणि गावातल्या गावात, परमिट, पासिंग व विमा पूर्ण ठेवून चालवावी. एका कुटुंबाने गाडी स्क्रॅपिंग केंद्राला दिली, आणि देण्याआधी केबिनवरची नावाची पाटी व वडिलांनी बसवलेला पितळी भोंगा काढून घेतला. तो भोंगा आता त्यांच्या नव्या बारा चाकी गाडीवर आहे.